चूल, बंब आणि शेगडी: धूर वाढवणाऱ्या या चुका टाळा

सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर, सोलापुरात पहाटे अनेक अंगणांतून धूर निघू लागतो. तो लवकर वर जात नाही. थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्यामुळे तो गल्लीतच माणसाच्या उंचीवर रेंगाळतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातील मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आहे. हवा बिघडण्याची कारणे अनेक असतात. परंतु घरच्या माणसाच्या तोंडाशी निघणारा धूर कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. धूर म्हणजे पुरते न जळलेले सरपण, एवढे लक्षात घेतले की पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ सापडते.

ओले सरपण

सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज सुधारता येण्याजोगी चूक हीच आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, आणि ते पाणी उडून जाईपर्यंत जाळाची उष्णता त्यातच खर्ची पडते. जाळ थंड राहतो, लाकडातून निघालेले वायू पेट न घेता धुराच्या रूपाने बाहेर पडतात, डोळ्यांत पाणी येते आणि भांड्याचे बूड काळे होते. लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या खाली आले म्हणजे ते जाळण्याजोगे झाले, असा सर्वसाधारण दंडक आहे. इंग्लंडमध्ये तर १ मे २०२१ पासून लहान मोळ्यांनी विकल्या जाणाऱ्या लाकडासाठी हीच मर्यादा कायद्याने घातली गेली. घराच्या भिंतीतच शेकोटीची जागा बांधणाऱ्या त्या थंड देशाला लाकूड वाळवण्यासाठी नियम करावा लागला. आपल्याकडे तेच काम सोलापूरचा उन्हाळा फुकट करून देतो, आणि तरीही आपण हिवाळ्यात तोडलेली बाभूळ त्याच आठवड्यात चुलीत सारतो, याचे मला वाईट वाटते.

लाकूड आधी फोडावे आणि मग वाळवावे, कारण सालीसह आख्खे पडलेले ओंडके आतून महिनोन्महिने ओलेच राहतात. मनगटापेक्षा जाड नसलेल्या ढलप्या करून, खाली दोन विटा किंवा दगड देऊन, मध्ये हवा खेळेल अशी त्यांची रास रचावी आणि होळीपासून मृगापर्यंतचे ऊन तिला मिळू द्यावे. पावसाळ्यात रास वरून झाकावी, पण चहूबाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, कारण त्यामुळे आतला ओलावा कोंडला जातो. वाळलेल्या ढलपीच्या तोंडाला भेगा दिसतात, साल सुटू लागते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो. ओल्या ढलप्यांचा आवाज बद्द येतो. तुराट्या लवकर वाळतात आणि भराभरा जळतात, त्यामुळे जाळ धरवण्यासाठी त्या उत्तम. मात्र संपूर्ण स्वयंपाक त्यांच्यावरच करायचा तर चुलीपुढून हलता येत नाही. गोवरी मंद जळते आणि वाळलेल्या लाकडापेक्षा अधिक धूर करते, म्हणून ती घरात न वापरता हुरड्याच्या आगटीसाठी मोकळ्या शिवारात वापरलेली बरी.

हाती येईल ते जाळणे

सोलापूर हे यंत्रमागाचे शहर असल्यामुळे घरात चिंध्या आणि सुताचे तुकडे सहज सापडतात, आणि बंब पेटवायला ते सोयीचे वाटतात. त्यांत केवळ कापूस असेल याची खात्री नसते. अॅक्रिलिकचा धागा जळताना हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. पीव्हीसीच्या तुकड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायऑक्सिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात. रंगवलेल्या खिडक्यांची लाकडे, प्लायवूड, दुधाच्या पिशव्या आणि टायरचे तुकडे हेही सरपण नव्हे. कुंपणाची छाटलेली कण्हेर वाळलेली असली तरी चुलीत घालू नये, कारण तिचा धूरही विषारी असतो.

हा प्रश्न कायद्याचाही आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. सरपणासाठी शहरातले झाड तोडणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे की, १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार नागरी क्षेत्रात झाड तोडण्यापूर्वी, ते स्वतःच्या आवारातले असले तरी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

चूल गच्च भरणे

जाळ मंदावला की आणखी लाकडे कोंबायची आणि फुंकणीने फुंकत बसायचे, ही सवय धूर वाढवते. चुलीच्या तोंडात एका वेळी तीन-चार ढलप्या पुरतात आणि त्यांच्यावर हवेसाठी जागा राहिली पाहिजे. तळाशी लोखंडी जाळी ठेवून लाकडे त्यावर टेकवली तर खालून हवा मिळते आणि फुंकणीचे काम बरेच कमी होते. आधीच्या दिवसाची राख न काढता चूल पेटवली तर हीच वाट बंद होते. स्वयंपाक संपल्यावर जळत्या लाकडांवर पाणी ओतू नये. त्यामुळे धुराचा लोट उठतो आणि मातीची चूल तडकते. लाकडे मागे ओढून राखेत दाबून विझवावीत.

धूर उलटा येत असेल तर

जुन्या माळवदाच्या घरांत चुलीवर साणे, म्हणजे धूर जाण्यासाठी छतात ठेवलेले भोक, असे, आणि ते बुजवून त्याखाली गॅसचा ओटा केला जाई. चूल मात्र तशीच कोपऱ्यात राही. मग धूर घरभर फिरतो. धुराडे बसवायचे असेल तर ते सरळ वर न्यावे, आडव्या वळणांनी नेऊ नये, आणि छताच्या किंवा कठड्याच्या वर किमान दोन फूट काढावे. त्याहून बुटके राहिले तर कठड्यावरून येणारा वारा धूर परत आत ढकलतो. वरच्या टोपीला पाऊस अडवण्याइतके झाकण हवे, पण खाली पुरेशी फटही हवी.

नीट चालणारे धुराडे अचानक धूर परतवू लागले तर आधी आतली काजळी पाहावी. ओल्या लाकडामुळे तिचा डांबरासारखा चिकट थर बसतो आणि तो पेटूही शकतो. हिवाळ्यात दर महिन्याला, चूल पूर्ण गार असताना, दोरीला बांधलेल्या जुन्या ब्रशने धुराडे साफ करावे. काजळी नसेल आणि तरीही धूर परतत असेल, तर खोलीत ताजी हवा येण्याची वाटच नाही असे समजून समोरची खिडकी उघडून पाहावी. ज्या घरांत बिड्या वळल्या जातात तिथे तंबाखूची धूळ आधीच हवेत असते, म्हणून त्याच खोलीत चूल पेटवणे कटाक्षाने टाळावे.

न्हाणीघरातला बंब, खोलीतली शेगडी

बंब न्हाणीघरात किंवा शेगडी बंद खोलीत पेटवणे, ही चूक जीवघेणी आहे. बंबाची नळी चहूबाजूंनी थंड पाण्याने वेढलेली असते, त्यामुळे आतला जाळ सुरुवातीला नीट तापत नाही आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर नसलेले लालबुंद निखारे तर अधिक फसवे असतात, कारण धूर दिसत नाही म्हणून माणूस दारे लावून निर्धास्त झोपतो. बंब मोकळ्या अंगणात पेटवावा आणि गरम पाणी बादलीने आत न्यावे. निजायच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवूच नये. डोके जड होणे, मळमळ, चक्कर अशी लक्षणे एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना जाणवली तर सर्वांना ताबडतोब उघड्यावर आणून दवाखाना गाठावा. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हाच धोका लागू आहे.

बंबात पाणी भरण्यापूर्वी जाळ करू नये, नाहीतर सांध्यांची डाक सुटून तो गळू लागतो. पेटवण्यासाठी रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल कधीही वापरू नये. राखेत निखारे कित्येक तास जिवंत राहतात, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवावी. कडब्याच्या गंजीजवळ टाकलेली राख वाऱ्याने पुन्हा पेटू शकते.

पर्याय निवडतानाच्या चुका

लाकूड सोडायचे ठरवले की लोक भाकरीपासून सुरुवात करतात, आणि तिथेच अडतात. माझे मत असे की, आधी बंब बंद करावा आणि चुलीवरची भाकरी शेवटी सोडावी. आंघोळीच्या पाण्याला चुलीची चव लागत नाही, सरपण मात्र त्यावर खूप खर्च होते. सोलापुरात उन्हाची कमतरता नाही. चार-पाच माणसांच्या घराला रोज १०० लिटरचा सौर बंब साधारणपणे पुरतो. तो घेताना होणारी चूक पाण्याची. बोअरच्या जड पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट येऊ लागते. म्हणून आधी पाणी तपासून घ्यावे, क्षार काढायला सोप्या पडतील अशा काचनळ्यांची रचना निवडावी आणि दरवर्षी साफसफाई करावी. संचाचे तोंड दक्षिणेला असावे आणि त्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडू नये.

गॅसची जोडणी असूनही तो केवळ चहापुरता ठेवणे, ही दुसरी चूक. उरलेला स्वयंपाक चुलीवर होत राहिला तर फुप्फुसांना मिळणारा आराम फार थोडा. १४.२ किलोचा सिलिंडर एकदम भरणे जड जात असेल तर ५ किलोचाही मिळतो. इंडक्शनवर दूध, भात आणि आमटी उत्तम होतात. मात्र खोलगट तवा त्यावर तापत नाही आणि भाकरी आचेवर फुगवता येत नाही, त्यामुळे भाकरी गॅसवर आणि बाकीचे इंडक्शनवर अशी विभागणी करावी. दावणीला दोन-तीन जनावरे असतील तर रोजच्या २५ किलो शेणावर एक घनमीटर गोबरगॅस मिळू शकतो, आणि स्लरी शेताला मिळते.

चूल ठेवणे भागच असेल तर सुधारित चूल घ्यावी, पण तिच्यावर भारतीय मानक १३१५२ चा उल्लेख आहे का ते पाहावे. या मानकात साध्या ओढीच्या, म्हणजे पंख्याशिवाय आपोआप हवा ओढणाऱ्या, चुलीसाठी किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीसाठी किमान ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता (सरपणाच्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा) ठरवलेली आहे. पंख्याच्या चुलीला बोटाएवढे लाकडाचे तुकडे लागतात. ते करायची तयारी नसेल तर ती चूल महिनाभरात अडगळीत जाते, म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून ती आपल्याच सरपणावर पेटवून घ्यावी आणि एक भाकरी भाजून पाहावी.