ॲकूस्टिक गिटारच्या तारा बदलण्याची तयारी

पाकीट फोडण्याआधी हातातली गिटार कोणत्या जातीची आहे ते पक्कं करा. ब्रिजवर, म्हणजे खोक्यावरच्या ज्या पट्टीला तारांची खालची टोकं अडकतात तिच्यावर, सहा पिना दिसत असतील तर ती स्टीलच्या तारांची. ब्रिजला तारा गाठ मारून बांधलेल्या असतील आणि बारीक तीन तारा नायलॉनच्या असतील तर ती क्लासिकल. क्लासिकलवर स्टीलचा सेट कधीही चढवू नये. नायलॉनच्या सेटचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या लाइट सेटचा ७० किलोच्या वर जातो. क्लासिकलची वरची फळी एवढ्या ओढीसाठी बनवलेली नसते आणि तिच्या मानेत बहुधा ट्रस रॉडही, म्हणजे मानेचा वाक सावरणारी धातूची सळईही, नसतो. त्यामुळे काही दिवसांतच ब्रिज उखडायला लागतो किंवा त्याच्या मागची फळी फुगते. इथून पुढचं सगळं पिनांच्या ब्रिजच्या, सहा तारांच्या स्टील गिटारबद्दल आहे.

आता गेज, म्हणजे तारांची जाडी. पाकिटावर १२-५३ असे आकडे असतात. पहिल्या (सगळ्यात बारीक) आणि सहाव्या (सगळ्यात जाड) तारेची जाडी ती, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. १२ ची तार ०.३० मिलिमीटरची आणि ५३ ची सुमारे १.३५ मिलिमीटरची. लाइट, मीडियम ही नावं कंपनीगणिक थोडी इकडेतिकडे होतात, म्हणून दुकानात नाव न सांगता आकडे सांगावेत. १०-४७ बोटांना सगळ्यात सोपा, आवाज थोडा पातळ. ११-५२ मधला. १२-५३ किंवा १२-५४ हा पूर्ण आकाराच्या गिटारचा नेहमीचा सेट. १३-५६ जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांसाठी. त्याचा ताण ८० किलोच्या पुढे जातो, तेव्हा गिटार जुनी किंवा नाजूक असेल तर तो टाळलेलाच बरा. नुकतं शिकायला लागलेल्यानं १० किंवा ११ घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. जुन्या तारांचं गेज आठवत नसेल तर पहिली आणि सहावी तार व्हर्नियर कॅलिपरनं मोजा.

गिटार आवडत्या जागी बसलेली असेल तर गेज बदलूच नका. जाड सेट चढवला की मान पुढे वाकते, तारा फ्रेटबोर्डपासून (मानेवरच्या, बोटं दाबायच्या फळीपासून) उंच होतात आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचा अरुंद पडून तार त्यात अडकते. बारीक सेट चढवला की मान सरळ होते आणि तारा फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) करकरायला लागतात. गेज बदलायचंच असेल तर ट्रस रॉडचं काम निघू शकतं हे धरून चाला.

धातूचा प्रश्न त्या मानानं सोपा. ८०/२० ब्राँझमध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं; आवाज सुरुवातीला खणखणीत, पण लवकर मंदावतो. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील आणि किंचित फॉस्फरस असतं; आवाज थोडा ऊबदार आणि टिकाऊ. बोटांना घाम फार येत असेल तर कोटेड तारा घ्या. त्यांवर पॉलिमरचा पातळ थर असल्यानं घाम आणि मळ जाड तारांवर गुंडाळलेल्या ब्राँझच्या वेढ्यांमध्ये शिरत नाही. महाग पडतात, पण दर महिन्याला तारा काळ्या पडणाऱ्यांना शेवटी त्याच परवडतात. मात्र पहिल्या दोन तारा कुठल्याही सेटमध्ये साध्या स्टीलच्याच असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ब्राँझची चर्चा गैरलागू. तिसरी तार ॲकूस्टिकच्या सेटमध्ये वेढ्यांची हवी. ती साधी निघाली तर सेट इलेक्ट्रिकचा आहे.

जवळ ठेवायचं सामान फार नाही. खुंटी फिरवायचं वाइंडर, ज्याच्या टोकाला पिन उपसायची खाच असते. तार कापायचं धारदार कटर. घरातल्या बोथट पकडीनं तार चेचली जाते. क्लिप लावायचा ट्युनर, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड, मानेखाली ठेवायला घडी केलेला टॉवेल, एक शिसपेन्सिल, पिना क्रमानं ठेवायला छोटी वाटी आणि मोजायला पट्टी. पहिली आणि दुसरी तार सुटी, जादाची आणून ठेवा, कारण तुटलीच तर तीच तुटते. काम टेबलावर, टेबल नसेल तर गादीवर करावं. मांडीवर धरून करताना हमखास काहीतरी निसटतं.

जुन्या तारा काढण्याआधी दोन मापं घेऊन कागदावर लिहा. सुरात असलेल्या गिटारची सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट दिसते ते पाहा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठीक, म्हणजे जाडसर कागद सरकेल इतकी. दुसरं माप बाराव्या फ्रेटवरची उंची. सहाव्या तारेखाली साधारण २.४ आणि पहिलीखाली १.७ मिलिमीटर असली तर बहुतेकांचा हात सुखात असतो. नव्या तारा चढल्यावर गिटार बदलली की नाही हे या मापांशी ताडूनच कळतं. जुन्या तारेच्या खालच्या बाजूनं नखही फिरवून बघा. फ्रेटच्या जागी खड्डे लागत असतील तर ती तार कधीच सुरात नीट बसणार नव्हती.

काढताना आधी खुंटी सैल करून तार पार ढिली पडू द्या, मगच कापा. ताणलेली तार कापली तर ती उसळून डोळ्याला लागू शकते. पिन वर यायला कुरकुर करत असेल तर पक्कड लावू नका, पिन मोडते किंवा ब्रिजवर वण उठतो. ढिली तार दोन-तीन मिलिमीटर आत ढकला, तारेच्या टोकाला असलेल्या गोळीची पिनेवरची पकड सुटते आणि वाइंडरची खाच काम करते. तरीही हट्ट कायम असेल तर साउंडहोलमधून हात घालून पिनेचं टोक खालून वर ढकला. पिना निघतील त्या क्रमानं ठेवा; प्रत्येक पीन वर्षानुवर्षं आपापल्या भोकात बसलेली असते. सगळ्या तारा एकदम काढल्यानं मान बिघडते ही भीती पिनांच्या ब्रिजच्या गिटारपुरती अनाठायी आहे. तासाभरात काही होत नाही, फक्त तशीच महिनाभर ठेवू नये. सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकणारी हाडासारखी पट्टी, सैल असेल तर निसटण्याआधी त्याचा जाड तारांकडचा कडेचा भाग पेन्सिलीनं खुणावून ठेवा, आणि त्याखाली पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं यंत्र) असेल तर सॅडल काढूच नका.

फ्रेटबोर्ड पुसण्याची संधी हीच. रोझवूड किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डला कापडावर थेंबभर फ्रेटबोर्ड ऑइल वर्षातून एक-दोनदा पुरतं. लाखेसारखं चकचकीत फिनिश असलेल्या मेपलला तेल लावू नये. नटच्या खाचांमध्ये शिसपेन्सिलीचं टोक फिरवून ग्रॅफाइट सोडा. सुरात लावताना नटकडून येणारा तो 'टिंग' आवाज बहुतेकदा एवढ्यानंच बंद होतो. खुंट्यांभोवतीच्या बोल्टच्या चक्क्या हातानं फिरत असतील तर पान्यानं जेमतेम घट्ट करा, जोर लावू नका.

नव्या तारा चढवताना ब्रिजकडचं टोक काळजीनं बसवायचं, आणि खुंटीकडचं त्याहून जास्त. ब्रिजकडे पहिला नियम असा की गोळी पिनेच्या टोकावर बसता कामा नये, ती ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला टेकली पाहिजे. गोळीच्या वरची अर्धा सेंटिमीटर तार किंचित वाकवा, गोळी साउंडहोलच्या दिशेला वळेल अशी. ती भोकात सोडा, पिनेची खाच साउंडहोलकडे करून पीन घाला आणि पीन अंगठ्यानं धरून तार वर ओढा. गोळी पट्टीला टेकली की हाताला ठक्कन लागतं. मग पीन दाबून पुन्हा ओढा. पीन वर सरकली तर गोळी चुकीच्या जागी आहे, काढून पुन्हा बसवा. असं न करता ताण दिला तर ऐन सुरात येताना पीन उडते. गोळीजवळचा तारेचा जाड पिळाचा भाग सॅडलवर येत असेल तर ब्रिजखालची पट्टी झिजली आहे असं समजा. तिथे ती तार लवकर तुटते आणि सूरही डगमगतो. त्यावर उपाय कारागिराकडेच.

आता खुंटी. तिची दांडी सुमारे ६ मिलिमीटर जाड, म्हणजे एक वेढा दोन सेंटिमीटरच्या जरा आत. जाड तारांना दोन ते तीन वेढे पुरेत, म्हणून तार ताठ ओढून खुंटीच्या पुढे ५ सेंटिमीटर जास्त घ्या. साध्या स्टीलच्या पहिल्या दोन तारा घसरतात, त्यांना चार वेढे हवेत, तिथे ७ ते ८ सेंटिमीटर. 'पुढच्या खुंटीपर्यंत मोजा' हा सल्ला तिसऱ्या-चौथ्या तारेला लागू पडत नाही, कारण त्यांच्या पुढे खुंटीच नाही. भोकातून बाहेर आलेलं टोक वाकवून धरा. हेडस्टॉक, म्हणजे मानेचं खुंट्या असलेलं टोक, समोर उभा धरून पाहिलं तर तारा खुंट्यांच्या आतल्या बाजूनं जातात. डावीकडच्या जाड तीन खुंट्या घड्याळाच्या उलट दिशेनं, उजवीकडच्या सुलट दिशेनं फिरतात. पहिला वेढा टोकाच्या वरून जाऊ द्या आणि पुढचे सगळे त्याच्या खाली रचा, म्हणजे टोक मध्ये दाबून बसतं. फिरवताना एक बोट नटजवळ तारेवर टेकवून ती ताणलेली ठेवा. वेढे एकमेकांवर चढले किंवा सैल बसले की ती तार दिवसभर उतरत राहते, आणि दोष मात्र खुंटीच्या माथी मारला जातो.

टोक कापायचं ते सूर लागल्यानंतरच. काही सेटमध्ये आतला गाभा गोल असतो. अशी तार आधी कापली तर गाभ्यावर गुंडाळलेले वेढे सुटतात आणि सूर मेला म्हणून समजा. कुठल्याही तारेला कापण्याआधी खुंटीपाशी काटकोनात वाकवणं सुरक्षित. टोक ३ ते ५ मिलिमीटर ठेवा, त्याहून लांब राहिलं की बोटाला रक्त काढतं.

सूर लावताना ट्युनर फक्त अक्षर दाखवतो, सप्तक दाखवतोच असं नाही. पहिली तार घाईत एक सप्तक वरच्या ई कडे ओढत नेली तर ती तुटणारच. सहावीपासून खालून वर या: ई ८२.४ हर्ट्झ, ए ११०, डी १४६.८, जी १९६, बी २४६.९, ई ३२९.६. शंका आली तर दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट दाबा. तो आणि मोकळी पहिली तार एकच असायला हवी. सूर वर गेला तर खाली उतरवून पुन्हा खालून वर आणा, नाहीतर खुंटीच्या चाकाच्या दातांमधली फट राहते आणि तार हळूच उतरते. मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ धरून फ्रेटबोर्डपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलकेच ओढा, सूर लावा, पुन्हा ओढा. तीन-चार वेळा केलं की ती उतरणं थांबते. पहिली तार ओढताना हात हलका ठेवा.

तार तुटली तर कुठे तुटली ते आधी बघा. सॅडलपाशी तुटली तर तिथे धारदार कड आहे, बारीक सॅंडपेपरनं ती गोल करा. खुंटीपाशी तुटली तर भोकाची कड टोचते आहे किंवा वेढा उलटा बसलाय. मध्येच तुटली तर बहुतेकदा सप्तक चुकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सूर पुन्हा लावून ती दोन मापं घ्या. फट ०.४ च्या पुढे गेली असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं एकदम पाव आट्यापेक्षा जास्त फिरवू नका, सूर लावा आणि परत मोजा. रॉडला जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा आणि कारागिराकडे न्या.