आखातातून भावोजी परत आले तेव्हा

माझे धाकटे दीर दम्मामहून परतले ते ऐन मे महिन्यात. परांची कोसळून खोलीतला सोबती त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता, वर चार महिन्यांचा पगार अडकलेला. आम्ही काय केलं? अख्खी वाडी पडवीत गोळा केली. चौथ्या दिवसापासून भावोजी माजघराबाहेर येईनात. तुमच्याकडे कोणी असं परतलं तर आमच्या चुका तरी टाळा.

आधी घरातल्या एकाने दार सांभाळायचं. येणाऱ्याला चहा द्या, पण बजावून ठेवा: किती आणलंस, तिथे काय झालं, परत कधी जाणार, हे विचारायचं नाही. सगळ्यात जास्त हे आम्ही घरचेच विचारत होतो. भावोजींना खरा आधार झाला तो शेजारच्या निवृत्त खलाश्याचा. ते रोज दिवेलागणीला येऊन बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. असं माणूस शोधा. बाहेर राहून आलेलं असेल तर बरंच, त्याला कफील (तिकडचा हमीदार मालक) आणि इकामा (तिथे राहण्याचा परवाना) समजावून सांगावा लागत नाही.

काम द्या, पण बघून. आमच्या ह्यांनी भावोजींच्या हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) देऊन आंब्यावर चढायला सांगितलं. दुसऱ्या फांदीवरच त्यांचे पाय लटपटू लागले. मग खाली बसून पेट्या भरायला दिल्या, सोबत एक पुतण्या. ते जमलं.

ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी घरातल्या एकानेच बोलावं आणि तेही जेवणाच्या वेळी नाही. अडकलेल्या पगाराची तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर करता येते. करारपत्र आणि पासपोर्टच्या प्रती जपून ठेवा.

झोप उडाली, पेज पुढ्यात तशीच राहते, कशातच मन नाही, आणि हे दोन आठवडे चाललंय, तर त्याला आळस म्हणू नका. दृष्ट काढायची तर काढा, मीही काढली. पण डॉक्टरकडे न्या. आणि जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मी ओले काजूगर सोलता सोलता विचारलं, नजर बियांवरच ठेवून. बराच वेळ गेला आणि "हो वहिनी" आलं. त्याच संध्याकाळी पडवीतलं आंब्याच्या फवारणीचं औषध आणि तणनाशक दुसऱ्याच्या घरी हलवलं. रात्री एकटं ठेवलं नाही. १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. जीवावरचंच असेल तर फोनवर थांबू नका, गाडी काढा.

आमच्याकडे "रत्नागिरीला न्या" म्हटलं की माणसं हसतात, तिथे मनोरुग्णालय आहे ना! भरती व्हावं लागतं असं नाही. ओपीडीत दाखवून आम्ही त्याच दिवशी घरी आलो. लांब पडत असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा डॉक्टर कुठल्या दिवशी येतो, हे गावातल्या आशा सेविकेला विचारा.

गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आमच्या भावोजींनी आठव्या दिवशी "काही फरक नाय" म्हणून बंद केल्या, मग पुन्हा पहिल्यापासून. बरं वाटलं तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. पुढची तारीख मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते आणि आदल्या रात्री गाडीवाल्याला सांगून ठेवते.