कॉन्सुलेटचं काम पडण्याआधी

दुबईत नवीन आलेल्या माणसाचा पहिला महिना बेडस्पेस (सामायिक खोलीतला भाड्याचा पलंग), सिम आणि एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र) यातच जातो. कॉन्सुलेट, म्हणजे भारत सरकारची इथली कचेरी, कुठे आहे हे तो विचारतो ते बहुधा पासपोर्ट हरवल्यावर. मीही त्यातलाच. म्हणून आधीच सांगतो.

दुबई, शारजा, अजमान, उम्म अल क्वैन, रास अल खैमा आणि फुजैरा इथे राहणाऱ्यांचं काम बर दुबईतल्या भारतीय कॉन्सुलेटकडे. अबू धाबी आणि अल ऐनवाल्यांचं अबू धाबीच्या दूतावासाकडे. पासपोर्टचा अर्ज मात्र थेट तिथे घेत नाहीत, त्यासाठी बाहेरची एजन्सी नेमलेली असते. एजन्सी बदलत राहते, तेव्हा रूममेटने दिलेल्या जुन्या पत्त्यावर टॅक्सी करू नका, आधी कॉन्सुलेटची वेबसाइट बघा. आणि केंद्राच्या दारात फॉर्म भरून देणारे भेटतात, ते सरकारी नसतात.

पासपोर्टची मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नवा करता येतो. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली की व्हिसाची कामं अडकतात, म्हणून शेवटची तारीख धरून बसू नका. गावच्या पत्त्यावर पोलीस चौकशीला जाऊ शकतात, घरी सांगून ठेवा. नाहीतर आई दारात पोलीस बघून आधी तुम्हालाच फोन करते, तोही रडत. पासपोर्टवर ईसीआरचा (कामासाठी परदेशी जाताना सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का असेल आणि तुम्ही दहावी पास असाल, तर नवा करताना दहावीचं सर्टिफिकेट जोडून तो काढून घ्या. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवायची पद्धत इथे अजून दिसते, पण मालकाने तो अडकवून ठेवणं इथल्या कायद्यात बसत नाही. निदान पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो स्वतःच्या मेलवर हवेतच. पासपोर्ट हरवला आणि तातडीने घरी जायची वेळ आली तर एका फेरीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. गल्फमध्ये सगळे त्याला आउटपास म्हणतात.

इथे मूल जन्मलं तर इथलं नागरिकत्व मिळत नाही, आणि भारतीय नागरिकत्वही आपोआप मिळतं असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय कॉन्सुलेट किंवा दूतावासात एक वर्षाच्या आत करावी लागते. वर्ष उलटलं की परवानगी दिल्लीहून. इथला रेसिडेन्स व्हिसा तर १२० दिवसांत लागतो आणि त्यासाठी बाळाचा पासपोर्ट हवा. त्यामुळे बाळंतपणाला गावाहून आलेली आजी बारशाचं बघेल, तुम्ही जन्मदाखल्याच्या मागे लागा.

आता माझी फजिती. चिपळूणजवळची जमीन विकायची होती, रजा मिळत नव्हती. भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं ठरलं. दुय्यम निबंधकाकडे चालायचं तर सही कॉन्सुलर अधिकाऱ्यासमोर हवी. दोन साक्षीदार घेऊन गेलो, शिक्का मारून घेतला आणि कागद गावी जाणाऱ्या मित्राच्या बॅगेतून पाठवला. भावाने तो पंचांगाखाली नीट जपून ठेवला. पाच महिने! असा कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे ना मला ठाऊक, ना त्याला. परत अर्धा दिवस सुट्टी, परत तेच दोन साक्षीदार, आणि या वेळी दोघांना जेवण घालावं लागलं. तुम्ही पाठवाल तेव्हा कुरिअरची तारीख दाखवणारी पावती कागदासोबतच ठेवा.

डिग्रीच्या अटेस्टेशनचीही (ती खरी असल्याचे शिक्के घेण्याची) अशीच धावपळ, डिग्री भारतातली तर बहुतेक काम भारतातच. यूएई अपोस्टिल (बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का) मानत नाही. त्यामुळे राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग भारतातली यूएईची वकिलात आणि शेवटी इथलं परराष्ट्र खातं, अशी वारी आहे. यायच्या आधी उरकलं असेल तर नशीबवान.

पगार अडला, मालक पळाला, तर कॉन्सुलेट तुमच्या वतीने खटला लढत नाही. तक्रार इथल्या कामगार खात्याकडेच करायची. पण प्रवासी भारतीय सहायता केंद्रात सल्ला मिळतो, भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि खरोखर अडलेल्याला २००९ पासून चालणाऱ्या कल्याण निधीतून तिकिटाची किंवा मृतदेह घरी न्यायची मदत होते. तो पैसा आपल्याच पासपोर्ट फीवर जमतो, मागायला लाजू नका. रूममधलं कुणी वारलं तर मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं आणि कॉन्सुलेटचं ना हरकत पत्र, एवढ्याशिवाय विमानात शवपेटी चढत नाही. तेव्हा रूममधल्या प्रत्येकाच्या घरचा एक नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आम्ही किचनच्या दाराआड लिहिलाय.

भारतातल्या मतदार यादीत नावही लावता येतं, फॉर्म ६ए भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः गावी जावं लागतं. माझं नाव आहे यादीत. मागच्या वेळी तिकिटाचे भाव बघितले आणि गेलो नाही.