कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर विकताना

आमच्या जुन्या घराला गिऱ्हाइकं यायची, घर पसंत पडायचं, पण कर्जासाठी बँकेत गेलं की गाडी अडायची. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचंच नाव होतं. एजंट म्हणाला भाव उतरवा. मी भाव तसाच ठेवला आणि आधी कागदपत्रांच्या मागे लागलो.

सिटी सर्व्हे ऑफिसात वारस नोंदीचा अर्ज दिला. आत्यांकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, करून घे, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मला तो मुळीच पटला नाही. लेकींचा हिस्सा लेकांइतकाच असतो! दोघी आत्या खरेदीपत्रात लिहून देणार, म्हणजे विकणाऱ्या, म्हणूनच आल्या आणि आपला वाटा घेऊन गेल्या. घरफाळा, पाणीपट्टीच्या पावत्या आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल) एका फाईलमध्ये लावला.

राहिला पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. ती ओलांडली की आमच्याकडे सामान वर चढवायची घाई. 2019 च्या पाण्याची भिंतीवरची रेघ रंग देऊन झाकायची नाही, असं मी रंगाऱ्याला बजावलं. येणाऱ्याला आधी तीच दाखवायचो. ज्यांनी घर घेतलं, त्यांनी ती रेघ बघून विजेचा मीटर वर घ्यायचं ठरवलं, फाईल चाळली आणि तिथंच विसार दिला.