हमाली दोनदा कधीपासून कापली? गिटच्या इतिहासात शोधायचं कसं

लासलगावच्या एका आडत्याचा हिशोबपट्टीचा प्रोग्राम मी नाशकात बसून सांभाळतो. एकदा लक्षात आलं, कांद्याच्या पट्टीत हमाली दोनदा कापली जातेय. पैसे शेतकऱ्याचे जात होते. त्यामुळे नुसती ओळ खोडून भागणार नव्हतं, हे कधीपासून चाललंय ते काढायलाच हवं होतं.

प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या आज्ञा इथे देवनागरीत देतोय. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि लहान-मोठं अक्षर सांभाळा.

आधी शब्द शोधा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'गिट ग्रेप -एन हमाली' द्या (एन लहान). फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक समोर येतो. गिटमध्ये अजून न घातलेली नवी फाइल यात येत नाही, हे विसरू नका.

मग सापडलेल्या फाइलवर आणि ओळींवर 'गिट ब्लेम -एल ४०,६० पट्टी.पीवाय' (एल मोठा). ४० ते ६० या प्रत्येक ओळीला शेवटचा हात कोणाचा आणि कधी लागला, ते दिसतं. शेवटचाच, बरं का! मला दिसलेला बदल फक्त पैसे पूर्णांकात आणण्याचा होता. ज्याचं नाव दिसलं त्याला लगेच फोन लावला असता तर एका निर्दोष माणसाला बोल लागला असता.

खरं काम करते ती 'गिट लॉग -एसहमाली -पी' ही आज्ञा. यातला एस मोठा, पी लहान, आणि शोधायचा शब्द एसला चिकटवून लिहा. एखाद्या फाइलमध्ये हा शब्द जितक्या वेळा येतो ती संख्या ज्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत) बदलली, तेवढेच कमिट ती काढते. पूर्णांकाचा बदल गळून पडला, कारण शब्द तितकेच राहिले होते. एकाची दोन हमाली झाली तो कमिट मात्र बरोबर सापडला. पी-मुळे जुन्या-नव्या ओळीही तिथेच दिसतात. मधे कोणी प्रोग्राममधलं 'हमाली' हे नावच बदललं असेल तर शोध तिथे अडतो, मग जुन्या नावाने पुन्हा शोधा. संख्या तीच राहून ओळ बदलली असेल तर एसऐवजी मोठा जी वापरा.

सापडलेल्या कमिटचा क्रमांक 'गिट शो'ला दिला की पूर्ण बदल आणि त्याचा संदेश वाचता येतो. माझ्या नशिबी संदेश होता फक्त 'दुरुस्ती'. कृपा करून असं लिहू नका, कारण लिहा.

आणि कमिटची तारीख म्हणजे प्रोग्राम आडत्याच्या दुकानात बसवल्याची तारीख नव्हे. ती त्याच्याकडून वेगळी विचारून घेतली आणि तिथपासूनच्या सगळ्या पट्ट्यांच्या फरकाची यादी त्याच्या हातात दिली.