इच्छा होण्याची वाट पाहू नका

ह्यांचं नैराश्य आम्हाला आधी ओळखूच आलं नाही. रडणं वगैरे काही नव्हतं. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, कुठे जायचं म्हटलं की 'नंतर बघू'. वय ७३, म्हणून आम्हीही फारसं मनावर घेतलं नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टरांनी थायरॉईड, बी-१२ तपासलं, नैराश्याची गोळी सुरू केली आणि म्हणाले, "ह्यांना चालतं करा."

म्हणायला काय जातंय! पंधरा दिवस मी "उठा, फिरून या, बरं वाटेल" असा धोशा लावला. हे आणखीच मिटले. या आजारात इच्छाच मेलेली असते. ती आधी येत नाही, काहीतरी केल्यावर मागून येते. म्हणून मागणी इतकी लहान ठेवा, की नाही म्हणायलाच जास्त कष्ट पडतील.

आम्ही खुर्चीपासून सुरुवात केली. घट्ट बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवायची, पेपर वाचून झाला की पाच वेळा उठायचं-बसायचं. हाताचा आधार लागला तर घ्यावा. मी शेजारी दुसरी खुर्ची मांडून तेच करायचे. आठवड्याने आठ वेळा. मग दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, दहा मिनिटं.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा. हा आकडा मी ह्यांच्यापासून दोन महिने लपवला. नाहीतर किती कमी पडतंय याचाच हिशेब करत बसले असते.

चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. घड्याळातल्या नाडीवर जाऊ नका. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरची एक गोळी) चालू असेल तर ठोके फारसे वाढतच नाहीत. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं हलवायची, मगच उभं राहायचं.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९९ सालचा अभ्यास ह्यांनी कुठूनसा वाचला. पन्नाशीपुढचे १५६ रुग्ण, १६ आठवडे. शेवटी व्यायामवाले आणि गोळीवाले साधारण सारखेच सुधारले. लगेच "मग गोळी कशाला?" मी म्हटलं, पुढचंही वाचा, सुरुवातीला गुण गोळीने लवकर आला. आणि ती माणसं आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम करत होती, तुम्ही कोपऱ्यापर्यंत जाता! गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

वाईट दिवस येतातच. त्या दिवशी सुट्टी नको, फक्त माप कमी करा. दोनदा उठलं-बसलं तरी चालेल, आणि त्यावर टोमणा नको. मात्र "आता जगून काय करायचंय" असं तोंडून निघालं, तर व्यायामाचं राहू दे, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि तोवर माणसाला एकटं सोडू नका.