स्प्रिंगची ऊर्जा आपोआप वाढतेय का, ते आधी बघा

बीएस्सीला फिजिक्स घेतलंय आणि कोणी सांगतंय की आधी नागपूरच्या सीताबर्डीतल्या क्लासला जाऊन सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिक, मग पायथॉन, मग कॉम्प्युटरवर फिजिक्सचं मॉडेलिंग? नका ऐकू. क्लासमधल्यासारखे स्क्रीनवर चांदण्यांचे (*) त्रिकोण छापून कोणाला फिजिक्स आलेलं नाही. लूप, लिस्ट आणि ग्राफ एवढं पायथॉनमध्ये जमलं की मॉडेलिंगला बसा. लॅपटॉप नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब चालतं, त्यात पायथॉन लिहून तिथेच चालवता येतं. टाइप करताना जीव मेटाकुटीला येतो, पण चालतं.

सुरुवात बहुतेक जण गार होणाऱ्या चहापासून करतात. न्यूटनचा कूलिंगचा नियम (चहा आणि खोलीच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने चहा गार होतो), त्याला ऑयलरची पद्धत: आत्ताचा दर गुणिले छोटी पायरी, म्हणजे वेळेचा छोटा तुकडा, तेवढं वजा करा, पुढे चला. (नागपूरच्या मे महिन्यात खोलीचं तापमान पुस्तकातलं २५ धरू नका, थर्मामीटर लावून बघा. कूलर बंद पडला की तेही बदलतं.) ग्राफ झकास येतो, आणि घात इथेच होतो. पायरी जरा मोठी झाली तरी चहा शेवटी खोलीच्याच तापमानाला येतो, मधली चूक विरून जाते. आपल्याला वाटतं, जमलं राजेहो!

मग तोच कोड स्प्रिंगला लावायचा. वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांक १, घर्षण शून्य (म्हणजे ऊर्जा होती तेवढीच राहायला हवी), पायरी ०.१ सेकंद. स्प्रिंग प्रत्येक फेरीत आणखी लांब जाते. एरर नाही, लाल अक्षर नाही. मी कितीतरी दिवस उणे-अधिकची चिन्हं तपासत होतो, आणि चिन्हं अगदी बरोबर होती. ऑयलरच्या पद्धतीत इथे प्रत्येक पायरीला ऊर्जा १.०१ पट होते. १०० पायऱ्या, म्हणजे १० सेकंदांत, सुमारे २.७ पट! पायरी ०.०१ केली तरी तेवढ्याच वेळात साडेदहा टक्के वाढतेच. पायरी बारीक करून दुखणं दबतं, जात नाही.

उपाय एका ओळीचा आहे. आधी नवा वेग काढा आणि जागेच्या ओळीत जुन्याऐवजी तो नवा वेग घाला. ही ऑयलर-क्रोमर पद्धत. ऊर्जा थोडी वरखाली होते, पण चढत जात नाही.

काही सीनियर म्हणतील, सायपाय या पायथॉन लायब्ररीचा तयार सॉल्व्हर (solve_ivp) आहे ना, कशाला डोकं लावतो? वापरा, पण त्याची सापेक्ष टॉलरन्स, म्हणजे चालवून घेतली जाणारी चूक, आपण न सांगता ०.००१ असते, बराच वेळ चालवला तर ऊर्जा तिथेही सरकते. चॅटबॉटकडून घेतलेल्या कोडचंही तेच. मला विचाराल तर कोड देणाऱ्यापेक्षा ‘ऊर्जेचा ग्राफ दाखव’ म्हणणारा सीनियर धरा.

गणित कच्चं आहे म्हणून घाबरू नका, इथवर गुणाकार-बेरजेपलीकडे काही लागलेलं नाही. यानंतर दोलक घ्या, लहान कोनाची सवलत न घेता, म्हणजे कोनाच्या साइनऐवजी नुसता कोन न धरता. ९० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल नेहमीच्या सूत्रापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त यायला हवा. भलतंच काही आलं तर आधी साइनमध्ये काय घातलंय ते बघा. पायथॉनला अंश नाही, रेडियन लागतात.